टेक्निकल रायटरला प्रोग्रॅमिंग किंवा इंजिनिअरिंग यायलाच हवे का? सांगली-मिरजेतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये विलिंग्डनमधून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या मुली आहेत, वालचंदमधून बाहेर पडलेले पण कोडिंगमध्ये मन न रमलेले तरुण आहेत, कुपवाडच्या कारखान्यात काही वर्षे काढलेले डिप्लोमाधारक आहेत आणि मुलाबाळांमुळे थांबलेली नोकरी पुन्हा सुरू करू पाहणाऱ्या गृहिणीही आहेत. प्रत्येकाची शंका वेगळी असली तरी तिचे मूळ एकच असते: ज्या गोष्टीविषयी लिहायचे, ती गोष्ट बनवता येणे आवश्यक आहे का? मी सांगलीत राहून सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी आणि अधूनमधून आपल्याच भागातील यंत्रनिर्मात्यांसाठी हे काम करतो. पुढील उत्तरे त्या अनुभवाच्या आधारे दिली आहेत.

टेक्निकल रायटर नेमके काय लिहितो?

यंत्र बसवण्याची, चालवण्याची आणि दुरुस्तीची मॅन्युअल, सुट्या भागांचे कॅटलॉग, सॉफ्टवेअरच्या मदतीची पाने, नव्या आवृत्तीत काय बदलले हे सांगणाऱ्या रिलीज नोट्स, आणि एका प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमशी कसे बोलावे हे प्रोग्रॅमरना समजावणारे एपीआयचे दस्तऐवज. जाहिरातीचा मजकूर आणि वृत्तपत्रातील विज्ञानविषयक लेख ही कामे वेगळी आहेत.

मग इंजिनिअरिंगची पदवी लागते की नाही?

पदवी लागतेच असे नाही. समज मात्र लागते, आणि ती किती लागेल हे वाचक कोण यावर ठरते. मोबाइलवरून वीजबिल भरणाऱ्या ग्राहकासाठी लिहिताना लेखकाला त्या ग्राहकाइतकेच ठाऊक असून भागते, फक्त ते नीट मांडता आले पाहिजे. सर्व्हिस टेक्निशियनसाठी लिहायचे तर पान्याचा आकार, टॉर्क, फिरण्याची दिशा यांचा अर्थ कळला पाहिजे. प्रोग्रॅमरसाठी लिहायचे तर त्याचा कोड वाचता आला पाहिजे. वस्तू स्वतः बनवता आली नाही तरी चालते. ती चालवून पाहता येणे आणि तिच्याविषयी सांगितलेली माहिती खरी की खोटी हे तपासता येणे याला मात्र पर्याय नाही. नोकरीच्या जाहिरातीत ‘बी.ई. किंवा समकक्ष’ असे लिहिलेले असते, तेव्हा बहुतेक वेळा मनुष्यबळ विभागाने जुना मसुदा तसाच पुढे ढकललेला असतो, असे माझे मत आहे. ज्या संघासाठी भरती होत असते, त्याचा प्रमुख आधी तुमच्या लेखनाचे नमुनेच पाहतो.

या बाबतीत आपल्या जिल्ह्यात एक जुना दाखला आहे. किर्लोस्करवाडीचा नांगरांचा कारखाना १९१० साली उभा राहिला आणि १९२० साली तेथून ‘किर्लोस्कर खबर’ हे गृहपत्र निघू लागले. ते चालवणारे शंकरराव किर्लोस्कर चित्रकला शिकलेले होते. नांगर ओतण्याचे काम इतरांचे होते. नांगर घेणाऱ्याशी काय आणि कसे बोलावे, हे पाहण्याचे काम त्यांचे होते.

मी कला शाखेची पदवीधर आहे. यंत्राचे मॅन्युअल लिहिण्याइतके यंत्र मला कसे कळणार?

कारखान्यात जाऊन, यंत्राशेजारी उभे राहून आणि ते चालवणाऱ्याला विचारून. हे सांगायला सोपे वाटते, म्हणून एक उदाहरण विस्ताराने घेतो. कृष्णाकाठच्या कोणत्याही गावात सेंट्रिफ्युगल पंप असतो, त्यामुळे तो बहुतेकांनी निदान पाहिलेला असतो.

पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, ज्या ठिकाणी केसिंगमधून, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचातून, बाहेर येतो, तेथे पाणी वाहून जाऊ नये म्हणून ग्लँड दोरी भरलेली असते आणि ती दाबून धरणाऱ्या भागाला ग्लँड म्हणतात. डिझाइन विभागाने दिलेल्या टिपणात फक्त ‘ग्लँड आवळावा’ एवढेच लिहिलेले असते. पंपाची काहीच माहिती नसलेला लेखक हे वाक्य सजवून लिहितो: ‘गळती पूर्ण थांबेपर्यंत ग्लँड नट घट्ट आवळा.’ वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, आणि त्याने पंपाचे वाटोळे होते. दोरीतून थेंब थेंब पाणी येत राहणे आवश्यक असते, कारण तेच पाणी दोरीला आणि शाफ्टवरच्या स्लीव्हला (शाफ्टवर चढवलेल्या नळीला) थंड व ओले ठेवते. ग्लँड करकचून आवळला की दोरी कोरडी पडून करपते, स्लीव्हवर चरे पडतात आणि मोटारही जास्त करंट घेऊ लागते. उलट त्याच कारखान्याच्या दुसऱ्या मॉडेलमध्ये ग्लँड दोरीऐवजी मेकॅनिकल सील असेल, तर तेथून सतत ठिबकणारे पाणी हे सील खराब झाल्याचे लक्षण मानावे लागते. म्हणजे ‘गळती दिसली तर काय करावे’ या एकाच प्रश्नाची दोन मॉडेलसाठी दोन उलट उत्तरे आहेत, आणि दोन्ही मॉडेलसाठी एकच मॅन्युअल छापण्याचा आग्रह धरणारा मालक तुम्हाला हमखास भेटणार आहे.

हे कळण्यासाठी यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. त्यासाठी ‘आवळावा म्हणजे किती आवळावा, आणि जास्त आवळला तर काय होते?’ हा प्रश्न फिटरला विचारावा लागतो. चालू करण्याच्या सूचनांचेही तसेच आहे. पंप आधी पाण्याने भरून घ्यावा हे सगळे सांगतात; पण अशा पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी पुढे सोडणारी झडप, सुरुवातीला बंद का ठेवायचा, हे विचारले की कळते की पाणी पुढे जात नसताना मोटारीवरचा भार सर्वांत कमी असतो. त्यापुढचा प्रश्न सुचला पाहिजे: मग तो व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप किती वेळ चालवता येतो? फार वेळ नाही, कारण आतले पाणी तापू लागते. मॅन्युअलमध्ये ही दुसरी सूचना नसेल तर पहिली सूचना अर्धवट ठरते. नव्या जोडणीत मोटार उलटी फिरत असेल तर तीनपैकी कोणत्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल कराव्या लागतात, हे गावातला वायरमन झोपेतही सांगेल. ते काम मुख्य पुरवठा बंद करूनच करायचे, हे वाक्य मात्र लेखकाला त्याच्या आधी, त्याच पायरीत लिहावे लागते.

मी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर आहे. मला हे सगळे येते, मग अडचण कुठे आहे?

अडचण तेथेच आहे. ज्याला सगळे येते त्याला वाचकाला काय येत नाही हे दिसणे अवघड जाते. इंजिनिअरने लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात बहुतेकदा यंत्राची रचना आधी येते, मग कार्यतत्त्व, मग तपशिलांचे तक्ते, आणि शेवटी कोठेतरी चालू करण्याची पद्धत. वाचकाला मात्र शेतात उभे राहून पंप चालू करायचा असतो. अशा मसुद्यात कर्मणी प्रयोगही फार असतो: ‘व्हॉल्व्ह उघडला जावा’ असे लिहिले की तो कोणी उघडायचा, हे गुलदस्त्यातच राहते. इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतलेल्यांना या कामात खरी आघाडी मिळते ती ड्रॉइंग वाचण्यात, तज्ज्ञांशी बरोबरीने बोलण्यात आणि चूक लवकर ओळखण्यात. लेखन त्यांना वेगळे शिकावेच लागते. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात त्यांच्याकडून लिहून घेतले जाते ते परीक्षकासाठी, म्हणजे ज्याला उत्तर आधीच माहीत आहे अशा वाचकासाठी. ती सवय मोडायला वेळ लागतो.

सॉफ्टवेअर कंपनीत लेखकाला कोडिंग किती लागते?

वापरकर्त्यासाठीची मदतपाने लिहिताना जवळपास लागत नाही. एपीआयचे दस्तऐवज लिहिताना मात्र कोड वाचणे, दिलेले नमुने चालवून पाहणे आणि त्यांत किरकोळ बदल करणे जमले पाहिजे. नवा प्रोग्रॅम रिकाम्या फाइलपासून लिहिण्याची अपेक्षा क्वचितच असते.

समजा, पैसे स्वीकारणाऱ्या एका सेवेचे एपीआय आहे. प्रोग्रॅमरने दिलेल्या माहितीत ‘रक्कम: संख्या, आवश्यक’ एवढेच आहे. ज्याला फक्त लिहिता येते, तो हीच ओळ सुबक तक्त्यात उतरवतो. ज्याला त्या एपीआयला विनंती (रिक्वेस्ट) पाठवून पाहता येते, तो चाचणीसाठीच्या खात्यातून ५००० ही संख्या पाठवतो आणि उत्तरात पन्नास रुपयांची पावती पाहतो. मग उलगडते की रक्कम पैशांत द्यायची आहे, रुपयांत नाही. पैशांच्या व्यवहाराच्या अनेक एपीआयमध्ये अशी प्रथा आहे, कारण दशांश अपूर्णांकांत हिशेब केला की संगणकात बारीक चुका शिरतात. ही एक ओळ दस्तऐवजात नसेल तर ते एपीआय वापरणारा दुकानदार शंभरपट चुकीची रक्कम मागून बसेल. तीच गोष्ट वेळेची. उत्तरात आलेली वेळ भारतीय घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे दिसली, तर ती जागतिक प्रमाणवेळ आहे हे ओळखून तसे नोंदवावे लागते.

चुकांच्या संदेशांकडे तर विशेष लक्ष द्यावे. ते क्रमांकांच्या रूपात येतात: ४०१ म्हणजे तुम्ही कोण आहात हे सिद्ध झालेले नाही, ४०३ म्हणजे तुमची ओळख पटली आहे पण या कामाची परवानगी नाही, ४२९ म्हणजे तुम्ही थोड्या वेळात फार विनंत्या पाठवल्या आहेत. प्रोग्रॅमरकडून आलेल्या मसुद्यात यशस्वी उत्तराचा नमुना असतो आणि चुकांची केवळ यादी असते. वाचक मात्र मदतीच्या पानावर येतो तो काहीतरी चुकल्यावरच. म्हणून ओळख पटवणारी किल्ली (एपीआय की) मुद्दाम चुकीची टाकून, आवश्यक रकाना गाळून, तारीख उलटी लिहून काय उत्तर येते ते पाहणे हा लेखकाचा रोजचा उद्योग असला पाहिजे. याला प्रोग्रॅमिंग म्हणावे की चौकसपणा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मग सुरुवातीला कोणती संगणकभाषा शिकावी?

पायथन. वाचायला सोपी आहे आणि शिकण्याचे साहित्य विनामूल्य मिळते. त्याबरोबर जेसन या मांडणीतील माहिती वाचायला आणि पोस्टमनसारख्या साधनातून विनंती पाठवायला शिकावे. महागड्या क्लासची गरज नाही.

गिट, मार्कडाउन, एक्सएमएल यांची नावे जाहिरातीत असतात. हे प्रोग्रॅमिंग आहे का?

नाही, पण प्रोग्रॅमरच्या घरातली भांडी आहेत, आणि तेथे राहायचे तर ती वापरता आली पाहिजेत. मार्कडाउन ही साध्या मजकुरात शीर्षके, याद्या आणि दुवे दाखवण्याची पद्धत आहे; ती एका दुपारी शिकून होते. गिट हे बदलांची नोंद ठेवणारे साधन लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स या संगणकप्रणालीच्या कामासाठी तयार केले. आता अनेक कंपन्यांत दस्तऐवजही कोडप्रमाणेच त्यात ठेवले जातात, त्यांत केलेला प्रत्येक बदल सहकाऱ्याकडून तपासून घेतला जातो आणि मगच तो प्रकाशित होतो. गिटची भीती अनाठायी आहे, मात्र दोघांनी एकच ओळ बदलल्यावर होणारा गोंधळ निस्तरायला पहिले काही आठवडे कोणीतरी शेजारी असलेले बरे.

एक्सएमएलचा, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक भागाला तो काय आहे हे सांगणाऱ्या खुणा लावण्याच्या पद्धतीचा, प्रश्न थोडा वेगळा आहे. यंत्रनिर्मिती, वैद्यकीय उपकरणे आणि मोठी सॉफ्टवेअर या क्षेत्रांत एक्सएमएलवर आधारलेली डिटा नावाची पद्धत वापरतात. ती आयबीएममध्ये घडली आणि २००५ साली ओएसिस या संस्थेने तिला मानकाचा दर्जा दिला. तिच्यात मजकूर पुस्तकाप्रमाणे सलग न लिहिता लहान लहान विषयांत लिहिला जातो: एक विषय संकल्पनेचा, एक कृतीचा, एक संदर्भाचा. त्यामुळे पंपाच्या दहा मॉडेलना समान असलेली ‘पुरवठा बंद करा’ ही सूचना एकदाच लिहून दहाही ठिकाणी वापरता येते आणि बदल एकाच जागी करावा लागतो. ही शिस्त अंगी बाणवण्यासाठी संगणकशास्त्रापेक्षा वर्गीकरणाची आवड अधिक उपयोगी पडते. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्यांनी या क्षेत्राचा जरूर विचार करावा. त्यांच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही.

निर्यात करणाऱ्या कारखान्यासाठी लिहिताना कायद्याची माहिती लागते का?

लागते, आणि आपल्या औद्योगिक वसाहतींतील अनेक उद्योजक ही बाब शेवटच्या आठवड्यापर्यंत पुढे ढकलतात. युरोपीय संघात यंत्र विकायचे तर वापराच्या सूचना हा त्या यंत्राचाच भाग मानला जातो. सध्याच्या २००६ सालच्या निर्देशाची जागा घेणारे यंत्रविषयक नियमन २०२३/१२३० हे २० जानेवारी २०२७ पासून लागू होणार आहे. त्यात सूचना डिजिटल स्वरूपात देण्याची मुभा आहे, पण खरेदीच्या वेळी ग्राहकाने मागितल्यास छापील प्रत विनामूल्य द्यावी लागते. अमेरिकेतील एएनएसआय झेड५३५ या मानकमालिकेत धोक्याच्या सूचनांचे दर्जे ठरलेले आहेत: मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच अशी स्थिती सर्वांत वरच्या दर्जाची, होऊ शकते अशी स्थिती त्याखालची, किरकोळ किंवा मध्यम इजेची शक्यता त्याखालची, आणि केवळ वस्तूचे नुकसान होण्याची शक्यता निराळी. सगळ्याच सूचनांवर लाल रंगात सर्वांत मोठा इशारा छापला की वाचक एकही वाचत नाही. कोणता धोका कोणत्या दर्जाचा, हे लेखकाने एकट्याने ठरवायचे नसते; डिझाइन विभागाच्या जोखीम-विश्लेषणातून ते यावे लागते, आणि ते विश्लेषण मागून घेणे लेखकाच्या हातात असते.

इंग्रजी किती चांगले लागते?

अलंकारिक लागत नाही, अचूक लागते. विमानांच्या देखभालीच्या दस्तऐवजांसाठी तयार झालेल्या एएसडी-एसटीई१०० या नियमावलीत कृतीचे वाक्य वीस शब्दांपेक्षा आणि वर्णनाचे वाक्य पंचवीस शब्दांपेक्षा मोठे नसावे, आणि मान्य शब्द एकाच अर्थाने वापरावा, असे बंधन आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना ही नियमावली अडचणीची वाटण्याऐवजी सोयीची वाटते, कारण ती इंग्रजीची शोभा मागत नाही. मराठी आणि हिंदीतील मॅन्युअलची गरजही आहे, विशेषतः ठिबक, फवारणी यंत्रे आणि सौर पंप यांच्यासाठी. पण तेथे अजूनही इंग्रजी मजकुराचा घाईघाईने करून घेतलेला अनुवाद छापला जातो आणि शेतकरी तो न वाचता थेट डीलरला फोन लावतो.

तज्ज्ञ इंजिनिअरला प्रश्न विचारले तर तो मला अडाणी समजणार नाही का?

तयारी न करता गेलात तर समजेल, आणि त्यात त्याची चूक नसेल. ड्रॉइंग, जुने मॅन्युअल, ग्राहकांच्या तक्रारींची नोंदवही हे आधी वाचून गेलात तर प्रश्नाचा दर्जा बदलतो. ‘हा पंप कसा चालतो ते सांगा’ या प्रश्नाला कंटाळवाणे उत्तर मिळते. ‘जुन्या मॅन्युअलमध्ये बेअरिंगला ग्रीस लावायला सांगितले आहे, पण या ड्रॉइंगमध्ये सीलबंद बेअरिंग दिसते, मग ही पायरी काढायची का?’ या प्रश्नावर तोच इंजिनिअर खुर्ची पुढे ओढून बसतो. मसुदा तपासायला देतानाही चाळीस पाने एकदम पाठवू नयेत. ज्या चार जागी शंका आहे त्या खुणा करून पाठवाव्यात.

एआय मजकूर लिहून देते, मग लेखक कशाला?

सुबक वाक्ये आता स्वस्त झाली आहेत, हे खरे आहे. ज्यांचे सगळे काम दुसऱ्याच्या टिपणाचे इंग्रजी सुधारण्याचे होते, त्यांनी काळजी करावी, असे मी स्पष्टपणे सांगतो. पण वर दिलेले ग्लँडचे वाक्य पुन्हा पाहा: ‘गळती पूर्ण थांबेपर्यंत’ असे आत्मविश्वासाने लिहिणारे यंत्र आणि तसेच लिहिणारा लेखक यांत फरक काय? दोघेही पंपाशेजारी उभे राहिलेले नाहीत. त्यामुळे पूर्वीपेक्षा आता तांत्रिक समज जास्त लागते, कमी नव्हे. मसुदा कोणीही केला तरी तो खरा आहे अशी सही कोणाला तरी करावी लागते.

आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्यांना संधी आहे का?

सर्व्हिस मॅन्युअलच्या कामात हीच मंडळी सर्वांत उपयोगी ठरतात, असे मला वाटते. यंत्र उघडताना कोणता नट गंजून बसतो, पान्याला कोठे जागा मिळत नाही, कोणता भाग उलटा बसू शकतो, हे त्यांना हाताने माहीत असते. इंग्रजी कच्चे असेल तर ते वर्षभरात सुधारते.

इंजिनिअर नसल्यामुळे पगार कमी मिळतो का?

सुरुवातीला फरक पडू शकतो. पुढे फरक पडतो तो कामाच्या प्रकाराने. एपीआय आणि नियमनाखालील उपकरणांचे लेखन करणाऱ्यांना मागणी अधिक असते.

अनुभव नसताना नमुने कोठून आणायचे, आणि मुलाखतीत काय विचारतात?

ज्या यंत्राचे मॅन्युअल वाईट आहे असे एखादे घरातले यंत्र निवडावे आणि त्याचा एक भाग नव्याने लिहावा. इन्व्हर्टर, पाण्याचा फिल्टर, शिलाई यंत्र, काहीही चालेल. लिहिल्यावर ते यंत्र कधीही न वापरलेल्या माणसाच्या हातात कागद द्यावा, स्वतः गप्प बसावे आणि तो कोठे अडतो ते टिपावे. मूळ मजकूर, नवा मजकूर आणि चाचणीतील टिपणे अशी तिन्ही नमुन्यांत ठेवावीत. सॉफ्टवेअरकडे जायचे असेल तर मुक्त स्रोत (ज्यांचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा) प्रकल्पांच्या दस्तऐवजांत दुरुस्त्या सुचवाव्यात. त्या सार्वजनिक राहतात आणि मुलाखत घेणाऱ्याला थेट दाखवता येतात. गूगलने तांत्रिक लेखनाचे प्राथमिक पाठही विनामूल्य ठेवले आहेत.

मुलाखतीत बहुधा एखादा विस्कळीत मसुदा देऊन तो ठरावीक वेळेत नीट करायला सांगतात. त्या मसुद्यात मुद्दाम एखादी विसंगती पेरलेली असते: एका ठिकाणी व्होल्टेज २३० लिहिलेले असते, दुसऱ्या ठिकाणी ४१५. बहुतेक उमेदवार दोन्ही आकडे तसेच ठेवून भाषा सुधारतात. काही जण एक आकडा अंदाजाने बदलतात, ते त्याहून वाईट. सिंगल फेजचे मॉडेल की थ्री फेजचे, असा प्रश्न समासात लिहून कागद परत देणाऱ्याला पुढच्या फेरीला बोलावतात.